नाजूक पायांनी फोन करू नये

जाहिरात दादांनी स्वतःच्या हाताने लिहिली. "तीन दारांची, लाल, जुन्या काळची पण धावायला तरणी. इंजिन उघडून नव्याने बांधलेलं. स्प्रिंगा कापून बुटकी केलेली. सायलेन्सर मोठा. क्लच रेसिंगचा, नाजूक पायांनी फोन करू नये." एवढं लिहायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. मग कागद दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि एक शब्द न बोलता कटिंगच्या टेबलाकडे निघून गेले. ठिणगी ही लाडकी गाडी विकायला काढली आहे, ही बातमी सख्ख्या बहिणीला म्हणजे आत्याला आणि लग्नाच्या बायकोला अशी कळली.

आता दुसरं कुठलंही घर असतं तर कुणीतरी तोंड उघडून विचारलं असतं, की बाबा रे, जी गाडी तू पोटच्या पोरीसारखी वाढवलीस, जिच्या सीटांना सुटाचं उरलेलं कापड स्वतः बसून शिवलंस, ती का विकतोस? पण ह्या घराला सरळ विचारायची सवयच नाही. ती अण्णांनी, म्हणजे दादांच्या वडिलांनी, शिंप्याचं दुकान काढलं तेव्हाच मोडून टाकली. गिऱ्हाइकाला त्याच्या पोटाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, हा अण्णांचा दंडक. जुना माणूस पँटचं माप द्यायला आला आणि कंबर सुटलेली असली, तर टेप धरणाऱ्याने मोठ्याने गेल्या वेळचाच आकडा सांगायचा, आणि जितके इंच वाढले असतील तितक्यांदा खाकरायचं. लिहिणाऱ्याने खाकरणं मोजून खरं माप लिहायचं. "चौतीस!" असं दादा ठणकावून सांगत, मग तीनदा खाकरत, आणि आत्या मान वर न करता सदतीस लिहायची. पँट अंगाला बरोब्बर बसे आणि माणूस खूश होऊन जाई. जाता जाता कितीजण आत्याला बाजूला घेऊन सांगत, "तुमच्या भावाला एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा हो."

तर कुणी काही विचारलं नाही. जो तो आपापल्या मनाने निष्कर्ष काढून मोकळा झाला.

आत्याचा निष्कर्ष तर जाहिरात वाचून संपायच्या आत तयार होता. हे वहिनीचं काम! दुसरं कोण? लग्न झाल्यापासून त्या बाईने गाडीला नावं ठेवली. आवाजाने डोकं उठतं, सीट पाठीला टोचते, पेट्रोलचा वास केसांत बसतो. आणि ते गतिरोधकाचं प्रकरण तर सगळ्या गल्लीला पाठ होतं. दादांनी स्प्रिंगा कापल्यापासून गाडी इतकी जमिनीला टेकली होती, की दोघं बसली तर गतिरोधकावर पोट घासायचं. म्हणून दर गतिरोधकाला वहिनी खाली उतरायच्या, पर्स सांभाळत चालत पलीकडे जायच्या आणि पुन्हा बसायच्या. नवीन लोकांना वाटायचं, नवराबायकोचं भांडण चाललंय.

दुकान कारागिरांवर सोपवून आत्या तडक भाचीच्या गॅरेजमध्ये गेली. दादांची एकुलती एक मुलगी, छकुली, गिअरबॉक्सची कामं करायची. नाव छकुली, पण अख्खा गिअरबॉक्स एकटी उतरवायची.

"तुझ्या आईने शेवटी डाव साधला," आत्याने दारातूनच सांगितलं.

छकुली गाडीखाली होती. फक्त बूट दिसत होते. "कसला डाव?"

"ठिणगी विकायला लावली. दादाने जाहिरात लिहिलीय. माझा भाऊ गरीब गाय आहे म्हणून त्याला कुणीही दाव्याला बांधावं!"

बूट हलायचे थांबले. छकुली बाहेर आली ती तोंडभर ग्रीस घेऊन. "बाबा गरीब गाय? त्यांनी मला पहिली गाडी शिकवताना तीनदा भर रस्त्यात उतरवून दिलंय, आत्या."

"ते शिकवणं होतं. हे छळणं आहे."

छकुलीला मात्र आपलंच एक वाक्य आठवलं. मध्यंतरी तीच बाबांना सहज बोलून गेली होती, की आता इंजिन दमलंय. ते मनाला लावून घेतलं असेल का त्यांनी? पण हे आत्याला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत सगळा ठपका आपल्यावर यायचा. त्यापेक्षा आईवर आलेला काय वाईट?

"आईच असणार," ती म्हणाली आणि हात पुसायला लागली.

दोघी घरी पोचल्या तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. आत्याने खुर्ची ओढली ती फिर्यादीच्या थाटात.

"वहिनी, एकदा स्पष्ट सांग. तुला त्या गाडीने काय केलं होतं?"

वहिनींनी हातातली ताटली शांतपणे जागेवर ठेवली. त्यांना ह्या नणंदेची सवय होती. "तुम्हाला वाटतंय मी विकायला लावली."

"वाटत नाही. खात्री आहे."

"आणि तुला गं?" वहिनींनी लेकीकडे पाहिलं. छकुलीने नळ सुरू केला आणि हात फारच निगुतीने धुवायला घेतले.

"बरं," वहिनी म्हणाल्या, "मला एक सांगा. गेल्या दोनतीन महिन्यांत तुम्ही त्यांच्या शेजारी गाडीत बसलाय? नाही ना? मी बसते. ते हल्ली सिग्नल आला की गाडी न्यूट्रलला टाकतात आणि डावा पाय मांडीवरून चोळतात. मला वाटतं त्यांना वाटतं की मी खिडकीबाहेर बघतेय. बाजाराला जायचं तर लांबच्या रस्त्याने नेतात, का तर तिथे सिग्नल नाहीत. दुसऱ्या गिअरची गरज असली तरी तिसऱ्यातच रेटतात, गाडी म्हाताऱ्यासारखी थरथरते. उतरताना दार धरतात. त्यांचा डावा गुडघा गेलाय, वन्सं. तो क्लच त्यांच्याने दाबवत नाही."

नळ बंद झाला.

"त्याने सांगितलं तुला?" आत्याचा आवाज खाली आला होता.

"ते कशाला सांगतायत? मी विचारलंही नाही. तुमच्या घरात विचारतात कुठे कुणाला!"

आत्याला हे लागलं, पण तिने गिळलं. भाऊ जिन्यावर हल्ली कठडा धरतो, हे तिनेही पाहिलं होतं आणि बघूनही दुसरीकडे बघितलं होतं. "मेला हट्टी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "गाडी विकेल, पण दुखतंय म्हणणार नाही."

"तो क्लच आहेच राक्षसी," छकुली म्हणाली. "मलाच दोन पायांनी दाबावासा वाटतो. त्यांनी हौसेने बसवला, चाळिशीत. अगं पण हे तर सोपं आहे! साधा क्लच बसवला की झालं. एका दिवसाचं काम. गुडघ्याला कळणारसुद्धा नाही."

"बसवू देतील ते?" वहिनींनी विचारलं. "नाजूक पायांनी फोन करू नये म्हणून लिहिणारा माणूस?"

वहिनींचा निर्णय सोपा होता, समोर बसवून बोलायचं. पण त्यांचं घरात ऐकलं कधी जातं? आत्याने टेबलावर बोटं वाजवली, आणि मग तिच्या चेहऱ्यावर अण्णा उतरले.

"सांगायचंच कशाला? आपण खाकरू या."

"म्हणजे?"

"आकडा जुनाच सांगायचा. माप खरं बसवायचं. छकुली, तू विकायच्या आधी पॉलिश करते म्हणून गाडी ने. क्लच बदल. रविवारी गिऱ्हाईक येईल तेव्हा दादाला गाडीत बसवायचं. एक फेरी मारली की त्याचा पाय दुखणार नाही. त्याला वाटेल, गुडघा बरा झाला! मग कशाला विकतोय?"

ही योजना ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाने कपाळावर हात मारला असता. वहिनींनी मारलाही. पण नणंदेने आपल्याला पहिल्यांदाच कटात घेतलंय, हे सुख काही लहान नव्हतं. त्या हो म्हणाल्या.

रविवारी सकाळी दादा दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभे राहिले. ठिणगी धुऊनपुसून चकाकत होती. बोनेटचा लाल रंग उन्हाने जरा गुलाबी पडला होता, त्यावर पोरीने चांगलाच हात फिरवला होता. दादांनी गाडीकडे बघणं टाळलं. त्यांचा बेत पक्का होता. आज काही झालं तरी चालकाच्या सीटवर बसायचं नाही. बसलो तर क्लच दाबावा लागेल, दाबला तर तोंड वाकडं होईल, आणि ह्या घरातल्या बायकांना तोंड वाचता येतं. एकदा का गुडघ्याचं कळलं की गाडीवर थांबणार नाही. आज क्लच, उद्या कटिंगचं टेबल. अण्णांच्या टेबलापाशी उभं राहून कापड कापणारा हात खुर्चीत बसून कापायला लागला की दुकानात सगळे हळू आवाजात बोलायला लागतात. त्यापेक्षा गाडी गेलेली बरी. गाडी विकली, हौस फिटली, विषय संपला.

गिऱ्हाईक आलं. दातांचे डॉक्टर होते. जाहिरातीतलं शेवटचं वाक्य वाचून आलोय, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. खिशातून दात बघायचा दांडीचा आरसा काढला, टॉर्च काढली आणि गुडघ्यांवर बसून चाकाच्या कमानीत आत बघायला लागले.

"इथे जरा कीड आहे," ते म्हणाले.

"गंज म्हणतात त्याला," दादा म्हणाले.

"तेच. भरून घेता येईल."

तेवढ्यात तिघी बाहेर आल्या. आत्या पुढे. "दादा, यांना तूच फिरवून आण ना. तुझा हात वेगळाच आहे."

"त्यांना घ्यायचीय, त्यांना चालवू दे."

"पण शेवटची फेरी तुमच्याच हातची व्हावी," वहिनी म्हणाल्या.

दादांनी बायकोकडे संशयाने पाहिलं. गाडीबद्दल इतकं गोड बोलणं तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "तुला काय झालं?"

"बाबा, निदान सुरू तरी करून द्या," छकुली म्हणाली. "सकाळी थंड असली की ती फक्त तुमचंच ऐकते."

"उजाडल्यापासून ऊन खाल्लंय तिने. थंड कुठली?" दादांनी किल्ली डॉक्टरांच्या हातात कोंबली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. आत्याने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी छकुलीकडे, आणि छकुलीने आकाशाकडे.

गाडी गेली. दादा शेजारी अंग चोरून बसले होते. डॉक्टर गिअर बदलत होते, आणि पाय बिनदिक्कत खालीवर होत होता. ना चेहऱ्यावर आठी, ना उसासा. दादांना मनातून कुठेतरी लागलं. ह्या दातवाल्याचा पाय काय लोखंडाचा आहे? दिवसभर स्टुलावर बसतो म्हणून की काय? आपल्या वेळी आपणही असेच होतो, अशी स्वतःची समजूत घालून ते खिडकीबाहेर बघत राहिले.

फाटकापाशी परत येऊन डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. उतरले. आरसा खिशात ठेवला.

"इंजिन छान आहे," ते म्हणाले. "पण राग मानू नका, तुम्ही जाहिरातीत खोटं लिहिलंत."

"खोटं?"

"रेसिंगचा क्लच म्हणालात. हा तर लोण्यासारखा आहे. माझी सासू चालवेल."

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, जिभेला जरा आवर घाला! उभ्या जन्मात मी मिश्र सूत लोकर म्हणून विकलेलं नाही. आमच्या दुकानातून कमी मापाचं बटणसुद्धा गेलेलं नाही!"

"बटणाचं माहीत नाही. क्लच साधा आहे."

"साधा? तो क्लच मी माझ्या हाताने बसवलाय! सरका बाजूला!"

"दादा, राहू दे," आत्या एकदम म्हणाली.

"का राहू दे? घराण्याला खोटं म्हणतोय हा माणूस!"

दादा चालकाच्या सीटवर बसले. दुखणार होतं, भयंकर दुखणार होतं, पण आता अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी दात आवळले, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि सगळं अंग डाव्या पायावर टाकलं.

पाय सरळ तळाला गेला. अडायला काहीच नव्हतं. दादा सीटवरून घसरले, कपाळ हॉर्नवर आपटलं आणि हॉर्न साऱ्या गल्लीभर वाजला. समोरच्या खिडक्यांत माणसं आली.

हॉर्न थांबला. दादांनी पाय उचलला. पुन्हा दाबला. पुन्हा उचलला. मग हळूहळू मान वळवून तिघींकडे पाहिलं. छकुली बुटाच्या टोकाने माती उकरत होती. आणि आत्याला, इतक्या वर्षांची सवय ती, नेमका त्याच क्षणी घसा खाकरावासा वाटला.

"अस्सं!" दादा म्हणाले. ते गाडीतून उतरले, दार धरून. "मला खाकरलंत! मला? अण्णांच्या मुलाला? मी काय पोट सुटलेलं गिऱ्हाईक आहे?"

"मी आत्याला म्हटलं होतं—" छकुली.

"तू गप्प! गिअरबॉक्स तूच उतरवलास. बापाच्या पाठीमागे बापाची गाडी उघडलीस."

"तुम्हीच शिकवलंत उघडायला."

"माझ्या तोंडावर उघडायला शिकवलं होतं!"

"ओरडू नकोस तिच्यावर," आत्या पुढे आली. "कल्पना माझी. तुझ्या बायकोचंही काही नाही. दुखतंय तर सांगायचं होतंस. आम्ही काय परके आहोत?"

"काय दुखतंय? कुणाला दुखतंय? मला काहीही..." दादा बोलता बोलता थांबले. सगळे त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात केव्हापासून गुडघ्यावर होता.

डॉक्टरांनी हळूच हात वर केला. "मध्ये बोलतो, माफ करा. तो जुना क्लच आहे का कुठे? म्हणजे, मी नुसता क्लचही घेईन."

"गॅरेजमध्ये आहे," छकुली म्हणाली.

"क्लच विकायचा नाही!" दादा गरजले.

"मग गाडी?"

समोरच्या खिडक्यांतली माणसं अजून आत गेली नव्हती. दादांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "गाडी न्या," ते म्हणाले. "घेऊन जा. हिला तर ती कधी नकोच होती." त्यांनी वहिनींच्या दिशेने मान हलवली. "तेवढं तरी सुख होऊ दे एकीला."

इतका वेळ गप्प बसलेल्या वहिनी आता बोलल्या, आणि अण्णांच्या घरात इतक्या मोठ्याने त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"नकोच होती. आजही नको आहे. डोकं उठतं माझं त्या आवाजाने. ती सीट बसायला आहे का शिक्षा द्यायला, मला अजून कळलेलं नाही. पण अहो, दुकानात तुमच्या तोंडात टाचण्या असतात. घरी आलात की टाचण्या काढता, तरी तोंड मिटलेलंच. ह्या एका गाडीत बसलात की तुम्ही बोलता. लहानपणचं बोलता, अण्णांनी मारलं होतं ते बोलता, छकुली झाली तेव्हा किती घाबरला होतात ते बोललात. मला नवरा फक्त गाडीत मिळतो. तो विकायला निघालात, आणि वर मलाच सुख देताय?"

आत्या तोंडात पदर कोंबून उभी राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या भावाचं बोलणं म्हणजे आकडे आणि खोकला, एवढंच तिला माहीत होतं, आणि आपल्या वाट्याला तेवढंच आलं म्हणून तिला क्षणभर वहिनीचा चक्क हेवा वाटला.

दादा बराच वेळ टपावरचा नसलेला डाग बोटाने पुसत राहिले. मग म्हणाले, "बस."

"कुठे?"

"गाडीत बस. आणखी कुठे?"

"आणि मी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही आत या, चहा घ्या," आत्या म्हणाली. "आणि कोट काढा तो. बाह्या केवढ्या आखूड शिवल्यात! कुणी शिवला हा कोट?" डॉक्टर कोट सांभाळत मागे सरकले, पण आत्याच्या गळ्यातला टेप एव्हाना हातात आला होता.

ठिणगी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा सुरू झाली, बेडकासारखी उडी मारून पुन्हा बंद पडली. दादांचा पाय अजून जुन्या क्लचच्या हिशेबाने जोर लावत होता.

"हळू सोडा, बाबा!" फाटकातून छकुली ओरडली. "अलगद!"

"मला शिकवू नकोस!" दादा ओरडले आणि तिसऱ्यांदा बंद पाडली. समोरच्या खिडकीत कुणीतरी हसलं. चौथ्यांदा गाडी निघाली. दादांनी रागाने लांबचा रस्ता सोडून सरळ बाजाराचा रस्ता धरला. पूर्ण वेळ ते काही बोलले नाहीत. वहिनीही बोलल्या नाहीत. बोलायचं होतं ते त्यांनी फाटकापाशी बोलून घेतलं होतं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. दादांनी गाडी थांबवली. न्यूट्रलला टाकली नाही. पाय क्लचवरच ठेवला.

"दुखतो गं," ते समोर बघत म्हणाले.

"हं."

"क्लचचं सोड. उभं राहवत नाही. दुपारनंतर टेबलाला पोट टेकवून कापतो."

"माहीत आहे मला. शर्टावर पोटापाशी खडूची रेघ असते. रोज मीच घासते ती."

दादांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय, त्याची वाट बघत होते."

मग दादा बोलायला लागले. आधी अडखळत, मग धडाधड. पहिल्यांदा जिन्यावर कळ आली तो दिवस, खिशात लपवलेलं मलम, कैची हातातून गेली तर आपण नक्की कोण उरतो हा मनात घर करून बसलेला प्रश्न, उंच स्टूल घेतलं तर कारागीर हसतील का, अण्णांनी शेवटची दोन वर्षं बसूनच कापलं होतं आणि तेव्हा आपणच त्यांना मनात हसलो होतो, ते सगळं. सिग्नल हिरवा झाला. मागून एक हॉर्न वाजला, मग दोन, मग सगळेच वाजवायला लागले. दादांना काही ऐकू येत नव्हतं. ते बोलतच होते, आणि सिग्नल सुटल्याचं वहिनींनी त्यांना सांगितलं नाही.